आठ मिनिटें आणि दोन तास

अहिल्यानगर जिल्ह्यांत कोपरगांव तालुक्यांतील काकडी येथें १ ऑक्टोबर २०१७ रोजीं शिर्डीच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. नाशिकजवळील ओझरचा विमानतळ तेथून सरळ रेषेंत सुमारें ६८ किलोमीटर. ताशीं ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास तें अंतर जेमतेम आठ मिनिटांचें! परंतु चढण्याउतरण्यांतच एवढा वेळ जातो कीं, इतक्या जवळच्या प्रवासास विमान परवडत नाहीं. साईदर्शन आटोपून ओझरचें विमान गांठणाऱ्या यात्रेकरूस सिन्नर, नाशिक करीत सडकेनेंच जावें लागतें. त्यास दोन तास तरी हवेत. पांखराची वाट नकाशावर मोजावी, माणसाची घड्याळावर. वृद्ध आईवडिलांस घेऊन निघणाऱ्यानें त्यांत विमानतळावरील तपासणीचा वेळही मिळवावा. नाहींतर विमान डोळ्यांदेखत उडून जावयाचें!