शुश्रूषेचे शिक्षण : प्रवेशापासून नोंदणीपर्यंत
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरात कोणी आजारी पडले की बीड जिल्ह्यातील कुटुंबाची वाट ठरलेली असते. प्रथम गावचे उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या वाटेवर प्रत्येक मुक्कामी डॉक्टर भेटतीलच असे नाही. परिचारिका मात्र भेटते. डॉक्टर तपासून, औषध लिहून पुढच्या खाटेकडे जातात. ते औषध वेळेवर आणि योग्य मात्रेत देणे, रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास बदलल्याचे ओळखणे, ही कामे परिचारिकेची. असे असूनही सोयरिकीच्या बैठकीत 'मुलगी नर्सिंग करते' हे सांगताना वडिलांचा आवाज किंचित खाली येतो. तो का येतो, आणि यायला हवा का, याचा विचार समाजाने करणे अगत्याचे आहे.

हा संकोच नवा नाही. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, तेव्हा रमाबाई रानडे यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता. पांढरपेशा घरांतील स्त्रियांनी, विशेषतः विधवांनी, ससून रुग्णालयात जाऊन शुश्रूषेचे शिक्षण घ्यावे, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना असह्य वाटली. परपुरुषाची सेवा, रक्तामांसाचा स्पर्श, रात्रीची कामगिरी आणि सोवळ्याओवळ्याचा भंग असे आक्षेप होते. रमाबाईंनी वादविवादात शक्ती खर्च केली नाही. विद्यार्थिनींच्या राहण्याजेवणाची सोय केली, देखरेख ठेवली आणि त्यांना शिकू दिले. शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या स्त्रिया स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, आणि आक्षेप हळूहळू विरले. संकोच घालवायचा तर उपदेशापेक्षा वसतिगृह अधिक उपयोगी पडते, हा या इतिहासाचा धडा आहे.

जैन परंपरेला तर या कामाचे वावडे असण्याचे कारणच नाही. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्याची गणना होते, आणि ज्यांचे वैयावृत्य करावयाचे त्यांत 'ग्लान' म्हणजे रुग्ण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या सेवेला तप म्हटले, तीच सेवा उपजीविकेसाठी केली म्हणून हलकी ठरत नाही.

आता शिक्षणाच्या मार्गाकडे वळू. परिचारिका होण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रामुख्याने गावपातळीवरील माता व बालआरोग्यासाठी आहे. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका असून बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेल्यांनाही तिचे दार खुले असते. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञान शाखेत जीवशास्त्र आवश्यक असते. राज्यातील शासकीय व संलग्न खासगी महाविद्यालयांची ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते. म्हणजे पैशाअभावी पदविकेपासून आरंभ केला, तरी पुढचा रस्ता बंद होत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, आणि संस्थेच्या रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण असतात काय? गावोगावी लागणाऱ्या 'नर्सिंग असिस्टंट'च्या फलकांवरील अनेक अल्पमुदतीच्या वर्गांतून प्रमाणपत्र मिळते, परंतु परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही. सुंदर इमारत पाहून शुल्क भरले आणि तीन वर्षांनी नोंदणी होणार नाही असे कळले, तर गेलेला पैसा एक वेळ परत उभा राहील. मुलीची वर्षे परत येणार नाहीत.

विद्यार्थिनी अडखळते ती बहुधा पहिल्या वर्षी. गेवराई, पाटोदा वा धारूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेल्या हुशार मुलीपुढे शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्राची जाड इंग्रजी पुस्तके एकदम येऊन पडतात. तिची बुद्धी कमी नसते, भाषा अनोळखी असते. रोज दहा शब्द अर्थासह वहीत लिहावेत, आकृती स्वतः काढावी आणि उत्तर आधी मराठीत समजून घेऊन मग इंग्रजीत लिहावे, एवढा नेम सहा महिने पाळला तर ही भिंत बरीच खाली येते. उलट पाठांतरावर भिस्त ठेवणारी विद्यार्थिनी तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गप्प होते.

दुसरी अडचण गणिताची. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यावयाचे आहे. नळीच्या संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब सोडावे लागतात. संच १५ थेंबांचा असेल, तर सुमारे ३१. बाटली तीच, वेळही तीच, पण संच पाहिला नाही तर हिशेब चुकतो. हृदयाच्या रुग्णाच्या बाबतीत अशी चूक जिवावर बेतू शकते. व्यापारी घरात हिशेब ऐकत वाढलेल्या मुलींना हे त्रैराशिक जड जाऊ नये.

तिसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. वॉर्डातील कामाचे ठरलेले तास, केस स्टडी आणि कार्यपद्धतींच्या नोंदवह्या वेळच्या वेळी पूर्ण कराव्या लागतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दुसरीची वही उतरवून काढणारीला सही मिळेलही. हात मात्र तयार होत नाही.

जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर पदवीची विद्यापीठ. ती उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. अनेक देशांत परवान्यासाठी अभ्यासक्रमानंतर आणखी एक परीक्षा असते. महाराष्ट्रात आजवर अंतिम परीक्षा आणि नोंदणी हाच परवान्याचा मार्ग राहिला आहे. नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागते, ती वेगळी. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्यामुळे पुढील काळात नियम बदलू शकतात, हे विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना तेथील परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेची 'एनक्लेक्स' परीक्षा संगणकावर होते. २०२३ पासूनच्या स्वरूपात तिच्यात ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तासांची मर्यादा आहे. परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार पुढच्या प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते, आणि पुष्कळ प्रश्न 'चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल?' अशा विचाराचे असतात. ब्रिटनमध्ये संगणकीय परीक्षेत औषधमात्रेचे गणित स्वतंत्रपणे विचारतात, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा होते. पहिल्या वर्षी टाळलेले गणित असे समुद्रापलीकडेही पाठ सोडत नाही.

पालकांच्या मनात आणखी एक शंका असते, ती व्रतनियमांची. येथे खोटा दिलासा देऊ नये. रुग्णालयात सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या असतात. दुपारची पाळी लागली की सूर्यास्त वॉर्डातच होतो. रात्रिभोजनत्याग व कंदमूळत्याग पाळणाऱ्या मुलीला डबा, मेस आणि विश्रांतीची वेळ यांची व्यवस्था आधीच लावावी लागते. रुग्णाची प्रकृती ऐन वेळी ढासळली, तर त्या संध्याकाळी तिला उपाशी राहावे लागेल. याची चर्चा प्रवेशापूर्वी घरात मोकळेपणाने व्हावी. निम्म्या वाटेवरून मुलीला परत बोलावणे हा तिच्यावर अन्याय होईल.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली आढळल्या. राज्यातील हा नीचांक होता. ज्या जिल्ह्याने मुलींचा जन्मच नाकारल्याचा डाग सोसला, त्याच जिल्ह्यातील मुली रुग्णालयात दिवसरात्र उभ्या राहून इतरांचे प्राण जपत आहेत. त्यांच्यापुढे समाजाने आवाज खाली घेऊन बोलण्याचे काहीच कारण नाही.

समाजाला करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. शिष्यवृत्तीच्या यादीत वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांच्या पंक्तीला शुश्रूषा बसवावी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी उन्हाळी सुटीत इंग्रजी आणि औषधगणिताचा वर्ग चालवावा. अंबाजोगाईला, बीडला शिकणाऱ्या परगावच्या मुलींना शुद्ध भोजनाचा डबा मिळावा, म्हणून तेथील चार घरांनी पाळीपाळीने जबाबदारी घ्यावी. गुणवंतांच्या सत्कारात नोंदणीचा दाखला मिळालेल्या परिचारिकेचे नाव पुकारले जावे.

औषधदानाची थोरवी समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला आहे. ते औषध रुग्णाच्या ओठापर्यंत नेणारा हात आपल्या घरातून तयार झाला, तर दान पूर्ण झाले असे म्हणता येईल. ज्या घरातली मुलगी यंदा बारावीला आहे, त्या घरात आज रात्री या विषयावर बोलणे व्हावे, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र.