डाकबंगल्यातील ऊब आणि गारवा



वर्षातून मोजक्याच रात्री जिच्यात दिवा लागतो, अशा इमारतीच्या उबेचा आणि गारव्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि म्हणूनच चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी, पौषातील संध्याकाळी, दौऱ्यावरचा अंमलदार डाकबंगल्यात येऊन उतरतो, चौकीदार कुलूप काढून लगबगीने लाकडे पेटवितो, आणि तरीही मध्यरात्र उलटेपर्यंत पाहुण्याची हुडहुडी काही थांबत नाही. एक घनफूट दगड एका अंशाने तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत हजाराहून अधिक घनफूट हवा तापते. तेव्हा कित्येक दिवस थंडीत मुरलेल्या त्या दोन फूट रुंदीच्या दगडी भिंती आपला वाटा आधी वसूल करतात, आणि त्यांची तृप्ती होईतो मुक्काम हलविण्याची वेळ येते.

एका रात्रीच्या वस्तीसाठी दोन दिवसांची लाकडे जाळणे ही उधळपट्टी होय. त्यापेक्षा लहानात लहान खोली निवडावी, खाटेलगतच्या भिंतीस फळ्यांचे अस्तर द्यावे आणि फरशीवर जाड सतरंजी अंथरावी. कारण लाकडाचा पृष्ठभाग अल्पावधीत कोमट होतो आणि शरीराची उष्णता थंड दगडाकडे ओढली जात नाही. मात्र दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी घेण्याचा मोह प्राणघातक आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग ना वास, आणि निजलेल्या माणसास तो जागे होण्याची सवडही देत नाही. ही ताकीद प्रत्येक चौकीदारास लेखी मिळालीच पाहिजे.

वैशाखात मात्र तीच भिंत उपकारकर्ती ठरते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तरी तेथील कोरड्या हवेत रात्री बऱ्याच निवतात. हा गारवा विनामूल्य असतो, फक्त तो साठवावा लागतो. पाहुणा येण्यापूर्वी दोन रात्री सूर्यास्तानंतर दारे, खिडक्या आणि छताजवळचे झरोके सताड उघडून ठेवावेत व उजाडताच बंद करावेत, म्हणजे दुपारच्या झळा दगड बराच वेळ थोपवून धरतो. वाळ्याची ताटी वाऱ्याच्या तोंडच्या दारास बांधून तिच्यावर पाणी मारावे, आणि समोरचे एखादे झडप किंचित उघडे ठेवावे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता हवेतून शोषली जाते खरी, परंतु दमट झालेली हवा बाहेर पडली नाही तर खोलीत नुसता कोंदटपणा उरतो. कोकणातील बंगल्यांत, जेथे हवाच ओथंबलेली असते, तेथे ताटीचा खर्च करू नये.

हे सारे आगाऊ वर्दीवर अवलंबून आहे. बंगल्याच्या पडवीत टांगलेल्या नियमांच्या तक्त्यावर भाड्याचे आणि मोडतोडीच्या भरपाईचे कलम असते. त्याच तक्त्यावर उन्हाळ्यात दोन दिवस आधी वर्दी देण्याचे कलम दाखल व्हावे, आणि ताटीवर पाणी मारणाऱ्या माणसाच्या रोजंदारीची तरतूद खात्याने अंदाजपत्रकात करावी.