अर्थाचा भार कोणावर?



मीरा रोडच्या शांती नगरमध्ये एकाच जिन्यात मराठी, गुजराती आणि हिंदी कानी पडते. बोलताना कोणी कोणाचे व्याकरण तपासत नाही, तरी व्यवहार अडत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र एक कंस राहिला तरी काम थांबू शकते. त्यावरून प्रोग्रॅमिंगची भाषा नियमांची आणि माणसाची भाषा सैल, असा समज होतो. तो मला मान्य नाही. नियम दोन्हीकडे आहेत. अर्थाचा भार कोण उचलतो, यात फरक आहे.

'मुलाने आंबा खाल्ला', पण 'मुलाने पोळी खाल्ली'. क्रियापद इथे कर्माच्या मागे जाते, हे शाळेत न गेलेले मूलही पाळते. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911चे, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836चे, विल्यम कॅरींचे 1805चे. आणि ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे 1290ची. नियम शतकानुशतके जिभेवर नांदले, पुस्तकात मागाहून आले. प्रोग्रॅमिंगमध्ये क्रम उलटा. 'अल्गोल 60' या प्रोग्रॅमिंग भाषेची वाक्यरचना तिच्या 1960च्या अहवालाने सूत्रांत बांधून दिली. जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सूत्रपद्धती संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या पद्धतीच्या इतकी जवळची वाटली, की 1967 मध्ये पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले. पण पाणिनीने बोलली जाणारी भाषा वर्णिली. अहवालाने नवी घडवली.

आता एक वाक्य घ्या : 'मी तिला मीरा रोडला उतरताना पाहिले.' उतरले कोण, मी की ती? व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते. निवाडा ऐकणारा करतो, तोही संदर्भावरून. अल्गोल 60च्या नियमांतही अशीच फट राहिली होती. एकात एक दोन 'जर' आले आणि 'नाहीतर' एकच असले, तर ते कोणत्या 'जर'चे? पुढे सी भाषेने ठरवून टाकले : सर्वांत जवळच्या 'जर'चे, नेहमीच. यंत्राजवळ प्रसंग ओळखणारा श्रोता नाही, म्हणून सगळा भार लिहिणाऱ्यावर येतो. माणसांत तो दोघे वाटून घेतात. निघताना 'येतो' म्हटले तरी समोरच्याला 'जातो' हेच कळते. हा भाषेचा दोष नव्हे, परस्परविश्वास आहे.

कोणी म्हणेल, आता यंत्रे साधे बोलणेही समजून उत्तरे देतात, मग हा भेद उरला कुठे? ती यंत्रे माणसांच्या अफाट लिखाणातून शब्दांच्या सवयी शिकतात, म्हणजे नियम आधी न सांगता वापरातून. हा तर माझ्याच म्हणण्याला आधार आहे. शिवाय ती ज्यावर चालतात ते प्रोग्रॅम काटेकोरच असतात. दुसरा आक्षेप इंग्रजीचा : प्रोग्रॅमिंगचे शब्द इंग्रजी, मग मातृभाषेचा उपयोग काय? सी भाषेच्या 1989च्या प्रमाणरूपात राखीव शब्द अवघे 32. ते पाठ करणे अवघड नाही. अवघड आहे ते एका वाक्याचे दोन अर्थ होतात हे आधी ओळखणे, आणि ही नजर मातृभाषेतच सहज तयार होते.

म्हणून मुलांना संगणकासमोर बसवण्याआधी ते मीरा रोडचे वाक्य फळ्यावर लिहा आणि अर्थ किती, ते विचारा. ज्या मुलाला दोन्ही अर्थ दिसतील, त्याला यंत्रासाठी नेमके लिहिणे जमेल आणि माणसाचे ऐकून घेणेही.