उंबरठ्याच्या आतली भाषा

(शिरोली औद्योगिक वसाहतीतील कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तुकोबारायांच्या गाथेत एक मोठा गमतीदार अभंग आहे. कानडी मुलुखातील एका स्त्रीने मराठी माणसाशी संसार थाटला. तिचे बोलणे त्याला कळत नाही आणि त्याचे उत्तर तिला उमगत नाही. ती जवळ बोलावते, तर तो भलताच अर्थ घेऊन दूर पळतो. तुकोबांना अर्थातच भाषेचा धडा द्यायचा नव्हता. देवाने आपली गत अशी करू नये, सज्जनांची संगती द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. परंतु संतांचे दृष्टान्त ऐकणाऱ्याच्या रोजच्या पाहण्यातले असतात. ज्याअर्थी हा दृष्टान्त सुचला आणि श्रोत्यांना पटला, त्याअर्थी साडेतीनशे वर्षांपूर्वीही महाराष्ट्रात दोन भाषांची घरे लोकांना परिचित होती.

आजचा विषय तोच आहे. फक्त त्या अभंगात नसलेले एक पात्र आज मध्यभागी आहे. ते पात्र म्हणजे त्या घरात जन्मलेले मूल.

पंचगंगेवरच्या पुलावरून जिचे नाव ‘शिरोली पुलाची’ असे पडले, त्या गावाच्या अंगाला ही वसाहत उभी राहिली. पुणे-बेंगळूरू महामार्ग तिला खेटून जातो. याच रस्त्याने कागल ओलांडले की तासाभरात निपाणी येते आणि दुकानांच्या पाट्या कानडीत दिसू लागतात. फौंड्रीच्या दारात पाळी बदलते तेव्हा हातकणंगल्याची मराठी, चिकोडीकडची कानडी आणि उत्तर प्रदेश-बिहारकडच्या बोली एकाच वेळी कानी पडतात. जिथे माणसे एकत्र राबतात, तिथे शेजार जुळतो. जिथे शेजार जुळतो, तिथे सोयरीकही जुळते.

अशा वस्तीतले एक घर डोळ्यांपुढे आणावे. नवरा करवीर तालुक्यातला, मोल्डिंग विभागात पाळीवर काम करणारा. पत्नीचे माहेर चिकोडीकडचे, तिची भाषा कानडी. भिंतीपलीकडे भोजपुरी बोलणारे बिऱ्हाड. साडेतीन वर्षांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात जातो. तहान लागली की तो म्हणतो, “अव्वा, नीरु दे, जल्दी.” एका वाक्यात तीन भाषा! शेजारी हसतात. शाळेतून निरोप येतो, की मुलाचा गोंधळ होतो आहे, घरात एकच भाषा बोला. सासूबाई म्हणतात, “त्याला कानडी शिकून काय करायचंय?” कोणाचाच हेतू वाईट नसतो. पण त्या दिवसापासून ती माउली मुलाशी कानडी बोलणे बंद करते. तिची मराठी बाजारापुरती पुरते. रडणाऱ्या पोराला छातीशी धरून समजावण्यास ती अपुरी पडते. मुलाची एक भाषा जाते आणि आई स्वतःच्याच घरात निम्मी मुकी होते.

हा त्याग आवश्यक होता का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गोंधळ मुलाचा की मोठ्यांचा?

दोन भाषांनी मुलाची बुद्धी मंदावते, ही समजूत एके काळी विद्वानांतही होती. १९२३ साली सेअर या संशोधकाने वेल्समधील मुलांची चाचणी घेऊन तसा निष्कर्ष काढला होता. पुढे त्या अभ्यासातील दोष दाखवले गेले. खेड्यातील आणि शहरातील मुलांच्या परिस्थितीतील अंतराचा हिशेब त्यात नीट झाला नव्हता. परिस्थितीचे माप भाषेच्या पदरात टाकले गेले. १९६२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची अधिक काळजीपूर्वक तुलना केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे आढळली. अर्थात दोन भाषांनी बुद्धी वाढतेच, हा दावाही अलीकडच्या संशोधनात सरसकट टिकलेला नाही. तो करण्याचे कारणही नाही. अपाय होत नाही, एवढे आईबापांना पुरेसे आहे.

मग त्या तीन भाषांच्या वाक्याचे काय? मूल जे शब्द हाताशी असतील त्यांनी काम भागवते. त्याला ‘नीरु’ आईकडून मिळाला, ‘दे’ आजीकडून आणि ‘जल्दी’ शेजारच्या मित्राकडून. तो गोंधळ नसून काटकसर आहे. हेच मूल आजीशी बोलताना मराठीकडे आणि मामाशी बोलताना कानडीकडे आपोआप झुकते, हे घरातल्यांनी लक्ष देऊन पाहावे. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर सर्व भाषांतील मिळून मोजावे लागतात. एकाच भाषेचे माप लावले, तर ते उगाच मागासलेले दिसते.

मात्र एक सावधगिरी हवी. दीड वर्षाचे मूल कोणत्याही भाषेत अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ‘दोन भाषांमुळे उशीर होतो’ असे म्हणून थांबू नये. प्रथम कान तपासून घ्यावेत आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. खरा दोष असेल तर तो सर्व भाषांत दिसतो. आणि त्यावरचा उपाय आईची भाषा बंद करणे हा नव्हे.

दोन बाप, दोन नोंदवह्या

फ्रान्समधील ज्यूल रोंजा या भाषाभ्यासकाची पत्नी जर्मन होती. १९०८ मध्ये त्यांना मुलगा झाला. ग्रामों या विद्वान मित्राच्या सल्ल्यावरून त्या दांपत्याने एक साधा नेम धरला, की पित्याने मुलाशी केवळ फ्रेंच बोलावे आणि मातेने केवळ जर्मन. रोंजाने ठेवलेल्या नोंदी १९१३ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. मुलाने दोन्ही भाषा आत्मसात केल्या. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ या आज जगभर सांगितल्या जाणाऱ्या पद्धतीचे हे मूळ.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वेर्नर लिओपोल्ड यांचे. आपल्या मुलीशी ते जर्मन बोलत, आई इंग्रजी बोले. १९३९ ते १९४९ या काळात त्यांच्या निरीक्षणांचे चार खंड प्रसिद्ध झाले. मुलीने आरंभी दोन्ही भाषांची सरमिसळ केली आणि पुढे त्या वेगळ्या केल्या. परंतु आजूबाजूला सगळीकडे इंग्रजीच असल्याने जर्मन मागे पडत गेली. ती पाच वर्षांची असताना काही महिने जर्मनीत राहिली, तेव्हा तीच जर्मन पुन्हा खळाळून आली. यातला बोध स्पष्ट आहे. घराबाहेरच्या भाषेची चिंता फारशी करावी लागत नाही; ती रस्ता, शाळा आणि सवंगडी शिकवतात. जपावे लागते ते उंबरठ्याच्या आतल्या भाषेला.

कुपवाडचा धडा

यासाठी परदेशाकडेच पाहिले पाहिजे असे मात्र नाही. शेजारच्या सांगलीजवळचे कुपवाड आज महापालिकेचा भाग आहे, तिथेही अशीच औद्योगिक वसाहत आहे. ते साधे खेडे होते, तेव्हा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कुपवाड हे नाव त्यामुळे ठाऊक आहे.

तेथील जैन शेतकऱ्यांच्या घरात कानडी होती, मुसलमानांच्या घरात उर्दू, इतर काही समाजांत मराठी. शतकानुशतकांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्याच्या जागी शब्दास शब्द ठेवला तरी दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार व्हावे. तरीही यांतली एकही भाषा नाहीशी झाली नाही. कारण गावाने एक शहाणी विभागणी केली होती. घरात ज्याची त्याची भाषा आणि चार समाज एकत्र येतात तिथे मराठी. जमीनजुमला कानडी बोलणाऱ्यांकडे असूनही सर्वांना जोडणारी भाषा मराठीच राहिली.

मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. मराठीला सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान मिळण्यासाठी कोणाच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषा विझवावी लागत नाही. खुद्द मराठीच्या स्वयंपाकघरात कानडीचे तूप आहे आणि पानाच्या तबकात कानडीचा अडकित्ता. अण्णा आणि अक्का या हाका तर इकडच्या घराघरांत आहेत.

तंजावर ते धारवाड

इतिहास हेच सांगतो. शिवछत्रपतींचे पुतणे, तंजावरचे शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ असे राज्य केले. त्यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक आहे. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या त्यात आपापल्या भाषेत बोलतात आणि तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी व संस्कृत या पाचही भाषा एका रंगमंचावर नांदतात. पंढरीच्या ज्या दैवताला संतांनी कौतुकाने कानडा म्हटले, त्याचे भक्त नामदेव मराठीत अभंग रचून उत्तरेत गेले आणि त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात विराजमान झाली.

द. रा. बेंद्रे १८९६ साली धारवाडात जन्मले. घरची भाषा मराठी, गावची कानडी. आई अंबिकेच्या नावावरून त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ हे टोपणनाव घेतले आणि ते कानडीचे महाकवी झाले. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना ‘नाकु तंती’साठी मिळाले. या कवीने सोलापूरच्या महाविद्यालयात अनेक वर्षे कानडी शिकवली आणि मराठीतही लेखन केले. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांचे गुजराती इतके कसदार, की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. दुसरी भाषा कवेत घेताना या दोघांनाही पहिलीचा हात सोडावा लागला नाही.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, प्रत्येक भाषेला घरात एक माणूस नेमून द्यावा. आई कानडी, वडील व आजी मराठी. ज्याच्या काळजाची जी भाषा, तीच त्याने मुलाशी बोलावी. मोडक्या इंग्रजीतले संभाषण मुलाला इंग्रजीही देत नाही आणि आईही देत नाही.

दुसरी गोष्ट सातत्याची. फौंड्रीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ओत मध्येच थांबला आणि मागाहून पुन्हा ओतला, तर दोन थर एकजीव होत नाहीत. कास्टिंग बाद होते. चार दिवस कानडी, मग महिनाभर काहीच नाही, असे केल्याने भाषा मुरत नाही. वडील रात्रपाळीला असतील तर दिवसातला अर्धा तास का होईना, तो गोष्टीसाठी ठरलेला असावा.

तिसरी गोष्ट, मुलाच्या बोलण्याला हसू नये, पाहुण्यांसमोर त्याचे प्रदर्शनही मांडू नये. त्याने ‘नीरु दे’ म्हटले तर आजीने सहजपणे “पाणी हवंय का? घे हं पाणी” म्हणावे. दुरुस्ती झाली आणि अपमान झाला नाही.

चौथी गोष्ट, उन्हाळ्याच्या सुटीत मुलाला आजोळी पाठवावे. लिओपोल्डच्या मुलीला जर्मनीत जे मिळाले, ते या मुलाला चिकोडीच्या मळ्यात मिळेल.

पाचवी गोष्ट लिपीची. वाचायला आधी एका लिपीत शिकवावे. देवनागरी पक्की झाली की मराठी आणि हिंदी दोन्ही उघडतात. मग कानडी अक्षरांची ओळख करून द्यावी.

शासनव्यवस्थेनेही या विचाराला जागा दिली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचे किंवा स्थानिक भाषेचे माध्यम सुचवले. त्याच वर्षी महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. बाहेरून आलेल्या प्रत्येक कुटुंबाने मराठी शिकलीच पाहिजे, हा आग्रह रास्त आहे. पण शेजाऱ्याने त्याला मराठीतून हाक मारली पाहिजे, हे त्याच आग्रहाचे दुसरे अंग आहे. परप्रांतीय कामगाराशी मोडक्या हिंदीत बोलायचे आणि त्याला मराठी येत नाही म्हणून तक्रार करायची, हा न्याय नव्हे.

शेवटी पुन्हा त्या घराकडे वळू. सून आली तेव्हा तिच्याबरोबर आलेली भांडी, साड्या, दागिने घराने आनंदाने ठेवून घेतले. तिच्याबरोबर आलेली भाषा मात्र दाराबाहेर का ठेवावी? सासूबाईंनी एकदा सुनेला म्हणून पाहावे, “तुझ्या आईची अंगाई म्हण बघू, मलाही ऐकू दे.” त्या एका वाक्याने मुलाला भाषा मिळेल, सुनेला माहेर मिळेल आणि सासूबाईंना लेक मिळेल.

तुकोबांच्या अभंगातल्या त्या दांपत्याला एकमेकांचे बोलणे कळत नव्हते. त्यांच्या घरी मूल असते, तर ते दोघांचेही बोलणे समजले असते आणि एकाचे दुसऱ्याला सांगू शकले असते. शिरोलीच्या घराघरांत आज अशी मुले आहेत. मोठ्यांनी त्यांना दोन्हीकडचे ऐकू द्यावे, एवढीच प्रार्थना.