पुरावा इथेच नोंदला जातो



विधी शाखेच्या पदवीदानाचा हा कार्यक्रम सुरू होण्याआधी, चहाच्या वेळी, आज पदवी घेणाऱ्या दोघीतिघींनी मला एकच गोष्ट विचारली. "मॅडम, आपल्या कॉलेजचं नाव कुठल्याच यादीत नाही. मुंबई, नागपूर, संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून मुलं बाहेर पडतात. त्यांच्यासमोर आमचा निभाव कसा लागायचा?" तयार करून आणलेलं भाषण मी बाजूला ठेवते. चौलमध्ये वाढलेल्या आणि अलिबागच्या न्यायालयात वकिली केलेल्या बाईनं या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं.

रायगडात 'बॅरिस्टर' म्हटलं की जुन्या माणसांना आंबेतचे अंतुले आठवतात. लंडनच्या लिंकन्स इनमधून आलेली ती पदवी नावाआधी लागली की माणूस एकदम उंच दिसायचा. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कुणी उभं राहायचं यालाही दर्जे होते. बॅरिस्टर वेगळे, वकील वेगळे. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं हे दर्जे मोडून 'अ‍ॅडव्होकेट' हा एकच वर्ग केला. तुम्हाला मिळणारी सनद आणि देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यापीठातल्या मुलीला मिळणारी सनद यांत तसूभरही फरक नाही. हा हक्क कायद्यानं दिलेला आहे, तो कुणाची मेहेरबानी नाही.

पण पदवी मोठी असली की काम चालून येतं, हेही खरं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर. कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्या त्यांच्याकडे होत्या. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा जातीमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे काम द्यायला तयार नव्हते. त्यांना जिल्ह्यांच्या न्यायालयांत जावं लागलं. आणि त्यांच्या आयुष्यातला एक फार मोठा दावा याच जिल्ह्यातल्या महाडच्या न्यायालयात उभा राहिला.

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७चा, हे तुम्हाला पाठ आहे. त्यानंतरचा दावा मात्र फार थोडे वकील वाचतात. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी तो पाळला, ठरलेला पुढचा सत्याग्रह थांबवला आणि लढा पुराव्यावर नेला. महाड, मग ठाणे, मग मुंबई. १७ मार्च १९३७ला उच्च न्यायालयानं वादींचं अपील फेटाळलं. वादी सांगत होते तसा अनादी काळापासूनचा रिवाज सिद्ध झाला नाही, हे त्यातलं महत्त्वाचं कारण. एवढ्या मोठ्या अन्यायाचा निकाल शेवटी कशावर लागला? तालुक्याच्या न्यायालयात कुणी काय शाबीत केलं आणि कुणाला काय शाबीत करता आलं नाही, यावर.

तुम्हाला सांगायचं ते इथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०० काढून बघा. दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच हात घालतं. अपिलात नवा पुरावा आणायचा तर आदेश ४१, नियम २७ची अरुंद वाट आहे. म्हणजे वस्तुस्थिती काय होती हे बहुतेक वेळा खालीच ठरतं. आपल्याकडच्या खालच्या न्यायालयांचं कामकाज मराठीत चालतं. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. त्याचा शब्द नीट उतरवून घेणारं माणूस तिथे उभं असावं लागतं. ते तुम्ही आहात.

आपल्या गावातलाच दावा घ्या. सुपारीच्या वाडीत जायची वाट शेजारच्या वाडीतून आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, पोफळी आडव्या झाल्या, गडगा ढासळला. नंतर शेजाऱ्यानं गडगा पुन्हा घातला आणि वाट बंद झाली. वकिलानं वादपत्रात लिहिलं, "वादी पूर्वापार वहिवाट करीत आले आहेत." संपलं! १८८२च्या सुविधाधिकार कायद्याला 'पूर्वापार' पुरत नाही. वीस वर्षं, उघडपणे, हक्कानं, खंड न पडता वापर झाला का? वाट किती हात रुंद, कुठल्या विहिरीपासून कुठल्या झापापर्यंत? सातबारा आणि मोजणीचा नकाशा निशाणीला लागला का? न्यायालयाकडून कमिशनर नेमून घेतला का? आणि झाडावर चढून सुपारी उतरवणारा म्हातारा गडी साक्षीला आला, तर त्याला वर्ष विचारून उपयोग नाही. त्याला विचारायचं, "वादळाच्या आधी तुम्ही सुपारीची पोती कुठून बाहेर काढायचात?" तो म्हणेल, "विहिरीवरून, गडग्याला खिंड होती तिथून." हे वाक्य जबाबात जसंच्या तसं आलं पाहिजे. 'खिंड' गेली आणि नुसतं 'रस्ता होता' एवढंच उरलं, तर उलटतपासात त्याची वाताहत होते. खिंड हा शब्द जपायला रँकिंग लागत नाही. वाडीत स्वतः जाऊन उभं राहावं लागतं.

म्हणून इंग्रजीला भिऊ नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. रोज एक निकाल संपूर्ण वाचा, शीर्षटीप वाचून सोडू नका. ऑल इंडिया बार परीक्षा द्यायची आहेच.

आता नाव नसलेल्या कॉलेजातून पुढे गेलेल्यांची उदाहरणं. भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले. ते विद्यापीठ १९८३चं, आणि त्यांची सनद १९८५ची. ते भारताचे सरन्यायाधीश झाले. उज्ज्वल निकम जळगावात शिकले, तिथेच सरकारी वकील झाले आणि १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यापर्यंत पोचले. पण अर्धंच सांगितलं तर ती तुमची फसवणूक होईल. गवईंचे वडील रा. सू. गवई मोठे राजकीय नेते होते, निकमांचे वडील न्यायाधीश होते. नाव नसलेल्या कॉलेजमुळे दोघांचं काही अडलं नाही, हे खरं. पण घरात या क्षेत्राची ओळख होती, हेही तितकंच खरं. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात वाडी आहे, होडी आहे, नाहीतर मजुरी आहे. तुमची अडचण कॉलेजचा क्रमांक नाही. पहिली तीन वर्षं पोटाला काय खायचं आणि कुणाच्या ऑफिसात उभं राहायचं, ही तुमची अडचण आहे. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यामुळे ही तीन वर्षं आणखी जड झाली आहेत.

यावर माझ्याकडे मुलांना सांगण्यासारखं फारसं नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या वकील बंधुभगिनींना मात्र आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा किमान १५ हजार आणि शहरात २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही, म्हणून आपण सगळे गप्प आहोत. तारखा घ्यायला, नकला आणायला, रोजनामा बघायला ही मुलं आपल्याला चालतात. मग महिन्याची ठरलेली रक्कम आणि वर्षातून दोन साक्षीदारांचा उलटतपास स्वतः घ्यायची संधी, एवढं तरी त्यांना द्या. या सभागृहातल्या प्रत्येक ज्येष्ठ वकिलानं आज निघण्यापूर्वी एका पदवीधराला आपला पत्ता द्यावा आणि सोमवारी साडेदहाला कोर्टात बोलवावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.