उजेड रुग्णालयातला आणि घरातला

सोरायसिस हा त्वचेचा विकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो. मात्र त्याचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते. कोपर, गुडघे, पाठ, डोके यांवर लालसर चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी खवले धरतात. निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन गळून पडावयास सुमारे महिना लागतो. या विकारात तेच काम काही दिवसांत उरकते, म्हणून खवल्यांचे थर साचतात. हा रोग स्पर्शाने मुळीच पसरत नाही. तरीही लोक त्याला महारोग समजतात. वर्गात अशा मुलाशेजारची जागा रिकामी राहते, हे आम्हां शिक्षकांस नवे नाही. म्हणूनच त्याच्या उपचाराचा प्रश्न केवळ खाज शमविण्याचा नाही. तो माणसाला पुन्हा माणसांत बसविण्याचा आहे.

या विकारावरील एक जुना व विश्वासू उपाय म्हणजे प्रकाश. प्रकाशाने त्वचेचा क्षयरोग बरा करून दाखविल्याबद्दल डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1925 साली अमेरिकेतील डॉक्टर गोकरमन यांनी सोरायसिसवर डांबराचा लेप आणि जंबुपार किरण यांची जोड प्रचारात आणली. जंबुपार म्हणजे ज्यांना आज आपण अतिनील म्हणतो तेच किरण. पुढे 1981 साली असे दिसून आले की, या किरणांतील एक अरुंद पट्टाच खरा गुणकारी आहे. त्यानुसार 311 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणाऱ्या नळ्या तयार झाल्या आणि आज जगभर त्याच वापरल्या जातात.

मात्र या उपचाराची एक अट आहे. प्रकाश काही सेकंद ते काही मिनिटेच घ्यावयाचा. परंतु आठवड्यातून तीन वेळा आणि सलग दोन-तीन महिने. बारा आठवड्यांचा हिशेब केला तर छत्तीस खेपा होतात. खानापूर तालुक्यातील एखाद्या आडगावच्या शेतकऱ्याने दोन मिनिटांच्या उजेडासाठी छत्तीस वेळा बेळगाव गाठावयाचे, म्हणजे छत्तीस दिवसांची मजुरी बुडवावयाची. पहिले दोन आठवडे तो येतो, पेरणी आली की थांबतो, आणि मग म्हणतो, “प्रकाशाने काही गुण आला नाही.” वस्तुतः प्रकाश त्याच्यापर्यंत पुरता पोहोचलेलाच नसतो.

मग हा दिवा रुग्णाच्या घरीच का नेऊ नये? डॉक्टरमंडळींना याविषयी दीर्घकाळ शंका होती, आणि ती निराधार नव्हती. रुग्ण मात्रा चुकवील, कातडी भाजून घेईल, लवकर बरे होण्याच्या लोभाने अधिक वेळ उभा राहील, अशी ती शंका. तिचे उत्तर तर्काने नव्हे, तर चाचणीने मिळाले. हॉलंडमध्ये चौदा रुग्णालयांतील 196 रुग्णांची, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटाने घरी प्रकाश घेतला, दुसऱ्याने रुग्णालयात. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा रोग निम्म्याने किंवा त्याहून अधिक ओसरला असे रुग्ण घरच्या गटात शेकडा 82, तर रुग्णालयाच्या गटात शेकडा 79 निघाले. गुण जवळजवळ सारखा. उपचाराचा जाच मात्र घरी पुष्कळच कमी.

दुसरी चाचणी अमेरिकेत 42 ठिकाणी 783 रुग्णांवर झाली व 2024 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गोऱ्या, सावळ्या व काळ्या अशा सर्व वर्णांच्या त्वचेचे रुग्ण मुद्दाम घेतले होते, म्हणून ती आपल्याला अधिक जवळची. बारा आठवड्यांनंतर ज्यांची त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली असे घरच्या गटात शेकडा 32.8, तर दवाखान्याच्या गटात शेकडा 25.6 होते. पण मला त्याहून बोलका वाटतो तो नियमितपणाचा आकडा. आठवड्यातून किमान दोनदा प्रकाश घेण्याचा नेम घरी शेकडा 51.4 जणांनी पाळला. दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी केवळ शेकडा 15.9 जणांनी. दिवा तोच, किरण तेच. अंतर मात्र आडवे आले.

याचा अर्थ रुग्णालय निरुपयोगी ठरले, असा कोणी काढू नये. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. मात्राही त्यानेच ठरवावयाची. अमेरिकेतील घरगुती यंत्रे डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमानेच प्रकाश देत. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच; पुरुषांनी जननेंद्रिये झाकावयास हवीत; काही दिवस खंड पडला तर मात्रा कमी करावी लागते. काही औषधांनी त्वचा प्रकाशास हळवी होते. ज्यांना पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला आहे किंवा प्रकाशाने बळावणारा रोग आहे, त्यांनी या वाटेस जाऊ नये. नळ्या जुन्या झाल्या की त्यांचा जोरही घटतो. तो मोजावा लागतो. आणि बाजारातला कोणताही निळा दिवा म्हणजे औषधी दिवा नव्हे. खिडकीच्या बंद काचेआड बसूनही उपयोग नाही, कारण हे किरण काच अडविते. मोकळ्या उन्हात ते असतात खरे. पण तेथे मात्रा कोण मोजणार?

राहिला पैशाचा प्रश्न. यंत्र विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु सोरायसिसच्या रुग्णाला यंत्र जन्मभर दारी ठेवावयाचे नसते. एका खेपेस काही महिनेच लागते. ग्रंथालय पुस्तक देते, तशी जिल्ह्याच्या रुग्णालयाने अशी पाच-दहा यंत्रे मुदतीने उसनी दिली, परिचारिकेने रुग्णाला आधी नीट शिकविले आणि महिन्यातून एकदा तपासणीस बोलाविले, तर छत्तीस खेपांच्या ठिकाणी तीन-चार पुरतील. एखादी धर्मादाय संस्था किंवा गावची पतपेढीही हा भार उचलू शकेल.

श्रोतेहो, आपल्या ओळखीत असा रुग्ण असेल तर त्याला दोन गोष्टी अवश्य सांगा. एक, तुझा रोग कोणाला लागत नाही. दुसरी, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचार, “हा उपचार मला घरी घेता येईल का?” आणि तो आला की त्याला आपल्या शेजारी बसवून घ्या.