दहापैकी दहा गुण
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

रक्तदान आपल्याला नवीन नाही. आज त्याच्या पुढचे एक दान सांगतो.

रक्त देताना गट पाहतात. पण ल्युकेमिया किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच दुसऱ्याकडून घ्याव्या लागल्या, तर आधी एचएलए पाहतात. ही पेशींवरची ओळखखूण. निम्मी आईकडून येते, निम्मी वडिलांकडून. म्हणून आईवडील सहसा अर्धेच जुळतात, आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी बोन मॅरो प्रत्यारोपण केले, तेव्हा त्या लहान मुलीला भावाचा मॅरो जुळला होता.

आता घरात मुलेच एक-दोन. भावंड जुळले नाही तर अनोळखी दाता शोधायचा. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की आपण मुहूर्त काढतो. इथे १० पैकी १० हवे असतात. (अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होते, पण तो वेगळा विषय.) जगभरच्या याद्यांत ४ कोटींच्या आसपास दाते आहेत, त्यांत भारतीय फार थोडे. शिवाय या खुणा पिढ्यानपिढ्या आपापल्या समाजात लग्ने होऊन टिकलेल्या. उधना-लिंबायतच्या खानदेशी मुलाला जुळणारा माणूस जर्मनीपेक्षा जळगाव-धुळ्याकडे, नाहीतर याच सभागृहात मिळण्याचा संभव जास्त.

नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, एवढेच. चेन्नईची 'दात्री', बेंगळुरूची डीकेएमएस फाउंडेशन या संस्था हे काम करतात. तरुण दाते जास्त उपयोगी. पुढे कधी जुळणी निघाली, तर साधारण पाच दिवस इंजेक्शने, मग हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात फिरवून काही तासांत पेशी वेगळ्या काढतात. बाकीचे रक्त परत अंगात. मणक्यात सुई घालतात ही निव्वळ भीती. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते.

खरी अडचण फोन आल्यावर येते. मुलगा तयार असतो, आणि आई किंवा आजी म्हणते, "आपल्याला कशाला?" इथे मी स्पष्ट बोलतो. नको असेल तर नोंदणीच्या वेळीच नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. प्रत्यारोपणाआधी तीव्र औषधे देऊन रुग्णाचा स्वतःचा मॅरो संपवलेला असतो. त्यानंतर दात्याने माघार घेतली, तर त्या रुग्णाच्या अंगात रक्त तयार करणारे काहीच उरत नाही. म्हणून काडी गालाला लावण्याआधी घरातल्या थोरांना शेजारी बसवून हे सगळे सांगा. त्यांच्या शंका असतील तर कार्यक्रमानंतर मी इथेच थांबलो आहे.